पूर्वपक्ष नसलेला कायदा



मागच्या व्याख्यानात आपण संसदेची रचना पाहिली. राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून संसद होते, प्रत्येक सभागृहात विधेयकाची तीन वाचनं होतात, मग राष्ट्रपतींची संमती. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, हे पुस्तकात ठीक आहे. पण खरंच असं होतं का?" आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं जरा लांबलेलं उत्तर समजा.

आधीच सांगतो, मी वकील नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. त्यामुळे कायद्याकडे बघताना मला पहिला प्रश्न वकिलाचा पडत नाही, वर्गातला पडतो. तुमचा निष्कर्ष कळला, हेतू काय? म्हणजे कारण काय? आणि दुसरा प्रश्न, तुमच्या विरुद्ध जे म्हणता येईल ते तुम्ही ऐकलंत का?

उदाहरण एकच घेतो, पण नीट घेतो. तीन कृषी कायदे. ते चांगले होते की वाईट, यावर मी आज बोलणार नाही. या सभागृहातच त्यावर दोन तट पडतील आणि माझा तास त्यात जाईल. (हशा) मला फक्त ते कसे आले आणि कसे गेले, एवढंच पाहायचं आहे.

जून २०२० मध्ये ते अध्यादेश म्हणून आले. संसदेचं अधिवेशन चालू नसेल आणि तातडी असेल तर राष्ट्रपती अनुच्छेद १२३ खाली अध्यादेश काढू शकतात. सप्टेंबरमध्ये त्यांची विधेयकं झाली. स्थायी समितीकडे गेली नाहीत. लोकसभेत मंजूर झाली. २० सप्टेंबरला, रविवारी, त्यातली दोन राज्यसभेत आली. त्या दिवशी चर्चा झालीच नाही असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही, काही तास झाली. विधेयकं प्रवर समितीकडे पाठवा अशा सूचना काही सदस्यांनी दिल्या होत्या. त्या सूचनांवर आणि पुढे विधेयकांवर मत घ्यायची वेळ आली तेव्हा विरोधी सदस्यांनी मतविभागणी मागितली. उपसभापतींनी आवाजी मतदान घेतलं. मग जे झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. माइक तुटले, नियमांच्या पुस्तकाची फाडाफाड झाली, दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. मतविभागणीची मागणी सदस्यांनी आपापल्या जागेवरून केली होती की नाही, यावर नंतर वाद झाला, कारण जागेवरून केलेली मागणीच धरली जाते.

इथे जरा थांबू. आवाजी मतदान म्हणजे काय? पीठासीन अधिकारी विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. कानाला जो आवाज मोठा वाटला तो निर्णय. रोजच्या शेकडो किरकोळ बाबींसाठी हे सोयीचं आहे, त्यात गैर काही नाही. पण एका सदस्यालाही तो निर्णय मान्य नसेल आणि त्याने आक्षेप घेतला, तर पुढची पायरी ठरलेली आहे. लोकसभेत साडेतीन मिनिटं घंटा वाजते, बाहेरचे सदस्य आत येतात, दारं बंद होतात, प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि तरीही आक्षेप राहिला तर मोजणी होते. कुणी कुठे मत दिलं ते नावानिशी नोंदलं जातं. आवाजात नाव नसतं, मोजणीत असतं. ज्याला मतदारांपुढे उभं राहायचं आहे त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

त्या दिवशी मोजणी झाली असती तर सरकार हरलं असतं का? बहुधा नाही. सरकारनेही तेच सांगितलं, संख्याबळ आमच्याकडे होतं. ठीक. पण परीक्षेत जो मुलगा म्हणतो, "सर, उत्तर बरोबर आहे ना, मग रीत कशाला लिहू?" त्याला आपण काय सांगतो?

आता दुसरं टोक. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली, एक समिती नेमली. १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी कायदे मागे घेत असल्याचं जाहीर केलं, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, निरसन विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. लोकसभेत चर्चेशिवाय, काही मिनिटांत. राज्यसभेत विरोधी पक्षनेत्यांना थोडा वेळ बोलायला मिळालं, मग तिथेही आवाजी मतदान. ज्या कायद्यांसाठी आणि ज्यांच्याविरुद्ध माणसं वर्षभर रस्त्यावर बसली, ते कायदे जाताना संसदेत कुणी कुणाला काही विचारलं नाही. विरोधक चर्चा मागत होते. सरकारचं म्हणणं, तुम्हाला हवं तेच आम्ही करतोय, मग चर्चा कशाला?

मला या दोन दिवसांत दुसरा दिवस जास्त गंभीर वाटतो. लोक सहसा पहिल्याबद्दल बोलतात.

असं बघा. प्रत्येक विधेयकाला शेवटी एक निवेदन जोडलेलं असतं, उद्देश व कारणे यांचे निवेदन. शब्दच आहे 'कारणे'. माझ्यासारख्या माणसाला तेवढंच पान वाचायचं असतं. या निरसन विधेयकाचं ते पान जरूर वाचा, सहज मिळतं. त्यात आधी कायदे किती हिताचे होते ते सांगितलं आहे. मग म्हटलं आहे की विरोध करणारा शेतकऱ्यांचा एक गटच आहे, आणि त्यांना समजावण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. आणि मग, स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात सर्वांना बरोबर घेऊन जायची गरज आहे, म्हणून कायदे रद्द.

आता मांडणी करून पाहा. कायदे चांगले. विरोध थोड्यांचा. म्हणून कायदे रद्द. माझ्या वर्गात पहिल्या वर्षाच्या मुलाने हे लिहिलं असतं तर मी लाल शाईने 'हेत्वाभास' लिहून वही परत केली असती. खरी कारणं असतीलच. आंदोलन, निवडणुका, सामाजिक शांतता, न्यायालयातली स्थगिती, यातली काही कारणं तर सन्माननीय आहेत. 'कायदा योग्य असला तरी मोठ्या समूहाचा विश्वास नसेल तर तो राबवू नये' हे उत्तम कारण आहे, त्यावर दोन दिवस बोलता आलं असतं. पण ते सभागृहात कुणाला मांडावं लागलं नाही आणि कुणाला खोडावं लागलं नाही.

नुकसान कुणाचं झालं? दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचं. आणि इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. आपल्याकडे बाजार समित्यांचा कायदा १९६३चा. बाजार समिती शेतकऱ्याला संरक्षण देते की अडवून धरते, हा वाद आपल्याकडे कित्येक वर्षं चाललाय. शरद जोशींची शेतकरी संघटना बाजाराचं स्वातंत्र्य मागत होती, डाव्या चळवळी आणि सहकारातले अनेक लोक उलट बाजू मांडत होते. २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, त्याचा बरावाईट अनुभव लोकांच्या गाठीशी होता. म्हणजे पूर्वपक्ष तयार होता, उत्तरपक्ष तयार होता, साक्षीदार तयार होते. फक्त त्यांना बोलावणारं सभागृह नव्हतं.

मग ते काम कुणी केलं? न्यायालयाच्या समितीने. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट तिच्यात होते. समितीने संघटनांची, तज्ज्ञांची म्हणणी मागवली, मार्च २०२१ मध्ये अहवाल बंद पाकिटात दिला. तो लोकांपुढे आला मार्च २०२२ मध्ये, तोही घनवटांनी स्वतः प्रसिद्ध केला म्हणून. तोवर कायदे रद्द होऊन चार महिने झाले होते. कारणं गोळा झाली, पण संसदेबाहेर, आणि उघडी झाली ती निकाल लागल्यावर.

आता माझ्या घरच्या शास्त्राकडे येतो. न्यायसूत्रांत गौतमाने सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यात वाद, जल्प आणि वितंडा हे तीन चर्चेचे प्रकार आहेत. वाद म्हणजे सत्य कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा खोडणं. त्याच यादीत 'निर्णय' हाही एक पदार्थ आहे. आपण हा शब्द रोज वापरतो. मंत्रिमंडळाचा निर्णय, पक्षश्रेष्ठींचा निर्णय. गौतमाच्या लेखी पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तपासून जे ठरतं तो निर्णय. प्रतिपक्ष तपासलाच नाही, तर जे ठरलं त्याला दुसरं काही नाव द्या.

काही लोक म्हणतात, संसदेत वाद व्हायला हवा, तिथे सगळे जिंकायलाच बसलेले असतात हे वाईट आहे. मला तसं वाटत नाही. संसदेत जल्पच होणार, आणि होऊ द्या. जल्पात निदान दोघांना आपापला पक्ष आणि हेतू मांडावा तर लागतो. गदारोळाला मात्र मी वितंडा म्हणायलाही तयार नाही, कारण वितंडा करायलाही समोरच्याचं म्हणणं आधी नीट ऐकावं लागतं. (हशा) हे विरोधी बाकांना उद्देशून आहे. हौद्यात उतरून फलक नाचवले की सरकारचं काम सोपं होतं. आवाजी मतदानाला गोंगाटासारखा मित्र नाही.

आणि हे एकाच पक्षाचं पाप आहे असंही कुणी समजू नये. १८ फेब्रुवारी २०१४. आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक, म्हणजे तेलंगणाची निर्मिती. सरकार काँग्रेसचं. लोकसभेची दारं बंद, थेट प्रक्षेपण बंद, आवाजी मतदान. एका राज्याची दोन राज्यं झाली आणि ज्यांचं राज्य ते त्या वेळी पडद्यावर काहीच पाहू शकत नव्हते.

इथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला टाळता येणार नाही. आक्षेप असा: बहुमत निवडणुकीत ठरलेलं आहे. सभागृहात कुणाचं मन भाषणाने बदलत नाही. मग चर्चा हा निव्वळ उपचार नाही का? जॉन स्टुअर्ट मिल यांनीही १८६१ साली प्रातिनिधिक शासनावरच्या पुस्तकात लिहून ठेवलं की शेकडो लोकांच्या सभेने कायद्याचा मसुदा करायला बसू नये, ते तिचं काम नाही. (मिल यांनी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी केली, आणि हिंदुस्थान प्रातिनिधिक शासनाला योग्य झालेला नाही असं त्यांचं मत होतं. ते असो.) पण तेच मिल म्हणतात की अशा सभेचं खरं काम बोलण्याचं आहे. देशातल्या प्रत्येक मताला तिथे आपला वकील दिसला पाहिजे. आपलं मत हरलं तरी ते ऐकलं गेलं आणि वरचढ कारणाने हरलं, एवढं समाधान त्याला मिळालं पाहिजे. आपण मिल यांचा पहिला अर्धा भाग घेतला, मसुदे मंत्रालयातून येतात. दुसरा अर्धा सोडला.

आक्षेपाला माझ्या मते सर्वांत चांगलं उत्तर बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेलं आहे. २५ नोव्हेंबर १९४९चं त्यांचं संविधान सभेतलं भाषण. त्यातला विभूतिपूजेचा इशारा सगळ्यांना पाठ असतो. पण भाषणाच्या सुरुवातीच्या भागात ते आभार मानतात, तिकडे फारसं कुणी बघत नाही. काँग्रेस पक्षाच्या शिस्तीमुळे काम मार्गी लागलं, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. आणि लगेच म्हणतात की सगळेच पक्षशिस्तीपुढे वाकले असते तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती. सुदैवाने काही बंडखोर होते. नावं घेतात ते. कामथ, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू, आणि आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. यातले काही खुद्द काँग्रेसचे.

पुढचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. त्याचा आशय असा: यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत, म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही. हे नसते तर संविधानामागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मला मिळाली नसती, आणि संविधान यांत्रिकपणे मंजूर करण्यापेक्षा ते काम अधिक महत्त्वाचं होतं.

बघा हं, काय म्हणतायत. बंडखोर हरले. मतं फिरली नाहीत. तरी त्यांच्यामुळे आंबेडकरांना कारणं सांगावी लागली, आणि ती नोंदली गेली. सभेत ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या होत्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी एखाद्या कलमाचा अर्थ लावताना न्यायाधीश ते खंड उघडतात. निरसन विधेयकाच्या चर्चेचा खंड उद्या कुणी उघडला तर त्याला काय सापडेल?

आता प्रश्न असा की आज पंजाबराव संसदेत असते तर? त्यांचं काय झालं असतं?

१९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, आपण तिला पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. कारण खरं होतं. १९६७ नंतरचा 'आयाराम गयाराम'चा काळ माझ्या पिढीने पाहिला आहे. पण त्या अनुसूचीत पक्ष सोडण्याबरोबर आणखी एक गुन्हा घातला गेला. पक्षादेशाविरुद्ध मत देणं, किंवा मत द्यायला न जाणं. पक्षाची परवानगी नसेल आणि पंधरा दिवसांत पक्षाने माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आणि हे विश्वासदर्शक ठरावापुरतं नाही. कुठल्याही विधेयकावर, कुठल्याही कलमावर पक्षादेश निघू शकतो. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं की हे विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरतं ठेवा. १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी अनुसूची वैध ठरवली, पण तिथेही बहुमताच्या निकालाने सुचवलं की असा आदेश सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी निगडित बाबींपुरता असावा. व्यवहारात ते कुणी मनावर घेतलं नाही, कुठल्याही पक्षाने नाही.

म्हणजे सदस्याला बोलायची मुभा, मत द्यायची नाही. विरुद्ध बोलून बाजूने मत द्यायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. त्यापेक्षा न बोलणं बरं, असं बहुतेकांना वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे.

बरं, यातून पक्षांतर तरी थांबलं का? महाराष्ट्रातल्या माणसाला हे विचारायची गरज नाही. (हशा) एकट्याने मतभेद दाखवला तर शिक्षा, दोन-तृतीयांशांनी मिळून विलीनीकरण केलं तर संरक्षण. किरकोळीला दंड, घाऊकला सूट. शिवसेनेच्या फुटीत मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. तत्त्व स्पष्ट झालं. जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला तेव्हा दोन्ही गटांपैकी एकही आमदार अपात्र ठरला नाही. ज्याला रोखायचं त्याला रोखलं नाही, आणि ज्याचं ऐकायचं त्याचं तोंड बंद केलं, असा हा कायदा माझ्या मते झाला आहे.

एकट्याचं मत कसं दिसतं, याचं एक उदाहरण सांगतो. ९ मार्च २०१०. राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक. घटनादुरुस्ती असल्यामुळे मोजणी आवश्यक. निकाल १८६ विरुद्ध १. विरोध करणारे आणखीही होते, पण त्यांतल्या काहींना निलंबनानंतर मार्शलांनी बाहेर नेलं होतं. तो जो '१' आहे, ते शरद जोशी. ग्रामीण स्त्रियांची चळवळ उभी करणारा माणूस. त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या सहभागाला नव्हता, मतदारसंघ आळीपाळीने राखीव ठेवण्याच्या पद्धतीला होता. मला तो पटत नाही. पण तो नोंदीत आहे, आणि मला तो खोडायचा असेल तर कारण द्यावं लागतं. जोशींना हे जमलं, कारण त्या सभागृहात त्यांच्या स्वतंत्र भारत पक्षाचे ते एकटेच होते. पक्षादेश काढणार कोण?

मग आज मोठ्या पक्षातल्या सदस्याला मोकळेपणाने बोलायची जागा उरली आहे का? उरली आहे. समित्यांत. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत, आज चोवीस, प्रत्येकीत एकतीस सदस्य, एकवीस लोकसभेचे, दहा राज्यसभेचे. तिथे मंत्री नसतात, कॅमेरा नसतो, पक्षादेश चालत नाही. ज्याला पटत नाही तो भिन्नमताची टिपणी अहवालाला जोडतो. म्हणजे पूर्वपक्षाला तिथे रीतसर पान आहे.

सरोगसीचं विधेयक घ्या. २०१९ मध्ये लोकसभेने मंजूर केलं तेव्हा त्यात जोडप्याला पाच वर्षं मूल न झाल्याची अट होती, आणि विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला जागाच नव्हती. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं. समितीने डॉक्टर, संस्था, वकील यांचं ऐकलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल दिला. २०२१च्या कायद्यात पाच वर्षांची अट गेली, आणि पस्तीस ते पंचेचाळीस वयाच्या विधवा व घटस्फोटित स्त्रिया आल्या. कायदा निर्दोष झाला असं मी म्हणत नाही, त्यावर न्यायालयात खटले आहेतच. पण एका सभागृहाने 'होय' म्हटलेल्या मजकुरात एक अख्खा स्त्रीवर्ग विसरला गेला होता, आणि तो ऐकून घेतल्यावर सापडला. सरकार तेच, बहुमत तेच. फक्त विचारायला वेळ काढला.

आणि हीच जागा आक्रसत गेली. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत शंभरातली ७१ विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६. पहिली लोकसभा पाच वर्षांत ६७७ दिवस बसली, सतरावी २७४. विधेयक समितीकडे पाठवायचंच असा नियम नाही. पाठवता येईल असा आहे. या 'येईल'च्या जागी 'लागेल' घातलं, एवढी एक दुरुस्ती जरी झाली तरी मी समाधानी होईन. पक्षादेशाबद्दल मी तेवढा निश्चिंत नाही. तो सैल केला तर घोडेबाजार वाढेल असं ज्यांना वाटतं त्यांची भीती मला खोटी वाटत नाही, फक्त आजची व्यवस्था तो थांबवते आहे असं म्हणू नका.

घड्याळ बघतोय, सात मिनिटं जास्त घेतली. धन विधेयकाचा मुद्दा आज राहिला. राज्यसभेला चौदा दिवसांत फक्त शिफारशी करता येतात, आणि एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात, आधारच्या निमित्ताने त्यावर मोठा वाद झाला. तो पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न. जिन्यातले ते श्रोते आज आलेत का? मग सुरुवात तुमच्यापासूनच करू, आणि माझ्या विरुद्ध काही असेल तर ते आधी विचारा.